मरकीचे साल: सक्तीकडून संमतीकडे

आपल्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत वय सांगताना सन क्वचितच सांगितला जाई. "मरकीच्या साली मी रांगत होते," असे एखादी पणजी म्हणे आणि ऐकणारे मनातल्या मनात हिशेब करत. मरकी हा शब्द आपण गुजरातीतून घेतला आणि तो आपला होऊन गेला. पुण्या-मुंबईकडचे आपले नातेवाईक त्याच रोगाला गाठीचा ताप म्हणत. 'केसरी'ने त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले होते. इंग्रजी शिकलेले प्लेग म्हणत आणि अखेर तेच नाव राहिले.

२०२० साली आपण मांडव न घालता, घरातल्या घरात, हातभर मूर्तीपुढे आरती केली. त्या वर्षी सरकारने जो कायदा लावला तो १८९७ चा, म्हणजे याच मरकीच्या सालचा, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना तेव्हाच प्रथम कळले. चार फेब्रुवारी १८९७ रोजी तो मंजूर झाला. कायदा चारच कलमांचा, पण त्याने सरकारच्या हाती दिलेला अधिकार अफाट होता. घरात शिरणे, माणूस उचलून नेणे, घर रिकामे करणे, सामान जाळणे, आगगाडी थांबवून उतारूंची तपासणी करणे, सारे त्यात बसत असे. कायदा तसाच राहिला, पण त्याची अंमलबजावणी मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत पुष्कळ बदलली. ती कोणी बदलायला लावली, हे या वर्षीच्या स्मरणिकेत सांगावे असे आम्हाला वाटले. पुस्तकांत ही गोष्ट बहुधा रँडच्या खुनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चापेकर बंधूंची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.

मुंबईत रोग ओळखला तो एका गोवेकर डॉक्टरने. डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, धर्माने कॅथलिक. मांडवी बंदराच्या भागात, धान्याच्या वखारींजवळच्या दाट वस्तीत, सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी एका रोग्याच्या अंगावरची गाठ पाहिली आणि हा साधा ताप नव्हे असे उघड सांगितले. व्यापारी शहराला असे सांगणारा माणूस कधीच आवडत नाही. बंदर बंद पडेल, माल अडकेल, म्हणून आधी त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला. पण थोड्याच दिवसांत खात्री पटली. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला, की रोगी दिसला की त्याला घरातून काढून आर्थर रोडच्या इस्पितळात न्यावे. घरच्यांची संमती विचारायची गरज नाही.

इस्पितळ ही वस्तू तेव्हा लोकांना काय वाटे, हे आज समजणे कठीण आहे. आजारी माणसाने घरात, आपल्या माणसांत, आपल्या हातचे पाणी पिऊन मरावे ही सर्व धर्मांतली साधी अपेक्षा होती. इस्पितळात गेलेला परत येत नाही, हे लोक डोळ्यांनी पाहत होते, कारण रोगी तिथे पोचे तो शेवटच्या घटकेलाच. प्रेत कोणाच्या हाताने उचलले जाईल, दहन होईल की दफन, जनाजा निघेल की नाही, कशाचाही भरवसा नसे. त्यात अफवांची भर. तेल काढण्यासाठी माणसांना उलटे टांगतात, राणी सरकारला काळजे हवी आहेत, असे काहीबाही लोक बोलत. अफवा हास्यास्पद होत्या. पण ज्याला काहीच विचारले जात नाही तो माणूस शेवटी अफवेवरच विश्वास ठेवतो.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हुकूम लागलीच सैल करण्यात आला. ज्याला घरी वेगळे ठेवून उपचार करता येतील त्याला उचलून नेणार नाही, असे जाहीर झाले. पण स्नोसाहेबांना खरी धास्ती दंग्याची नव्हती, हे त्यांच्याच अहवालावरून दिसते. त्यांना भीती होती शहरातले हलालखोर आणि झाडूवाले पळून जातील याची. ते गेले तर रोगापूर्वी शहर घाणीनेच मेले असते. ज्यांची सावलीही लोकांना नको असे, त्यांच्या निघून जाण्याच्या भीतीने मुंबई सरकारचा पहिला हुकूम मागे सरला. त्यांनी सभा भरवली नाही की अर्ज केला नाही. प्लेगच्या धोरणातला हा पहिला बदल त्यांच्या नावावर मांडला पाहिजे असे आमचे मत आहे, मग त्यांची नावे कुठल्याही स्मारकावर नसोत.

हिवाळ्यात रोग भडकला. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. लोक गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. पुणे, कराची, कच्छ, सुरत आणि मग आपले बडोदे संस्थान. मार्चमध्ये मुंबईचा कारभार कॉर्पोरेशनच्या हातून काढून जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे दिला गेला, आणि पुण्यात रँड यांची कमिटी काम करू लागली. पुण्यातल्या झडत्यांना आठ-नऊशे लष्करी माणसे लावली होती. देवघरात बूट घालून शिरणे, बायकांना रस्त्यावर उभे करून काखा-जांघा तपासणे, सामान फेकणे, जाळणे. या प्रकारांच्या तक्रारी कोणी एकाच बाजूने केल्या असत्या तर त्या राजद्रोही म्हणून झटकता आल्या असत्या. पण त्या सगळ्या बाजूंनी आल्या.

टिळकांचेच पाहा. ते रोग नाकारणाऱ्यांपैकी नव्हते. स्वच्छता हवी, रोग्याला वेगळे ठेवणे हवे, हे ते लिहीतच होते. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली आणि स्वतः पुण्यातच राहिले. वर्गणी जमवून त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे केले आणि छावण्यांत लोकांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था पाहिली. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की उपाय करा, पण तो लोकांकरवी करा. मुसलमानांनी आपले इस्पितळ काढले, पारशांनी आपले. सरकारचे सार्वजनिक इस्पितळ धरून पुण्यात अशी चार झाली.

त्याच पुण्यात, टिळकांशी ज्यांचे बहुतेक कशावरही पटत नव्हते, त्या पंडिता रमाबाई होत्या. चित्पावन घरात जन्मलेल्या, ख्रिस्ती झालेल्या, शारदा सदनाच्या वादात 'केसरी'ने ज्यांच्यावर आग पाखडली त्या रमाबाई. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात लिहिले, की पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या अब्रूची शाश्वती नाही. त्यांच्या आश्रमातली एक मुलगी या व्यवस्थेतच हरवली होती. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, पण रमाबाईंवर ब्राह्मणी कटाचा शिक्का मारणे कोणालाच शक्य नव्हते. त्याच उन्हाळ्यात गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची बातमी तिथल्या वर्तमानपत्राला दिली. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आपल्या समाजात अत्याचार झालेल्या बाईचे नाव कोण पुढे करणार होते? गोखल्यांना त्या माफीचा सल आयुष्यभर राहिला. आमच्या मते चूक पुरावा नसण्यापेक्षा पुरावा मागण्याच्या पद्धतीत अधिक होती.

सावित्रीबाई फुल्यांचेही वर्ष हेच. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला मळ्यात दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वर सांगितलेल्या इस्पितळांच्या यादीत हा दवाखाना नाही, कारण त्याला कोणत्या जातीचे नाव नव्हते. ती उणीव पुढे महत्त्वाची ठरते.

मुंबईत गॅटेकर जनरल असूनही व्यवहारी निघाले. लोक सरकारी इस्पितळात येत नाहीत, मग त्यांनी आपापली काढावीत, खर्च आणि माणसे त्यांची, देखरेख सरकारची, असा मार्ग त्यांनी मोकळा ठेवला. पारशी, जैन, खोजा, मेमन, बोहरी अशा एकामागून एक समाजांनी दवाखाने काढले. धर्मशाळेत, वाडीत, नुसत्या बांबूच्या छपरातसुद्धा. आपला वैद्य किंवा हकीम, आपले पाणी, आपली भाषा बोलणारी माणसे, बायकांसाठी बायका, आणि माणूस गेला तर आपल्या रीतीने शेवट. एवढे मिळाल्यावर तेच लोक रोगी आणून घालू लागले, जे महिन्यापूर्वी त्याला माळ्यावर लपवत होते. आर्थर रोडला डॉ. नसरवानजी चोक्सी हे पारशी डॉक्टर मुख्य होते आणि शुश्रूषेला कॅथलिक सिस्टर्स होत्या. तिथे येणारे बहुतेक गोरगरीब, ज्यांची जमात नव्हती किंवा असून तिच्याकडे पैसे नव्हते.

इथे थोडे थांबून चार वर्षे मागे जायला हवे, कारण हा लेख गणेशोत्सवाच्या अंकात येतो आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये याच मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३-९४ मध्ये जे रूप आले त्यामागे ती दंगल होती. त्यापूर्वी पुण्यातले हिंदू ताबूतांत हौसेने नाचत, ते थांबले. हा आपल्या उत्सवाच्या जन्माचा भाग आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. आपल्या बडोद्यात तर जुम्मादादांसारख्या मुसलमान वस्तादाच्या आखाड्याची गादी प्रो. माणिकरावांनी चालवली आणि त्या व्यायाम मंदिरात गणपती बसतो. त्यामुळे ही कटुता आपल्याला परक्या गावची वाटते. पण १८९७ च्या मुंबई-पुण्यात ती ताजी होती. म्हणून त्या वेळचे पुढारी गळ्यात गळे घालून उभे राहिले असे चित्र आम्ही रंगवणार नाही. एकत्र मोठी सभा नव्हती, एक अर्ज नव्हता, एक पुढारी नव्हता. प्रत्येक समाज आपल्या दारापुरता भांडत होता. नवल हे, की सगळ्या दारांतून एकच मागणी बाहेर पडत होती: तपासा, पण आमच्या माणसाकरवी, इस्पितळ असू द्या, पण आमचे, बाईला बाईनेच पाहावे, आणि मेलेल्याला आमच्या हाती द्या.

सरकारने या मागणीचे तुकडे करून एकेकाशी बोलणी केली. त्याचा परिणाम उलटा झाला. पारशांना जे मिळाले ते खोज्यांना नाकारता येईना, आणि खोज्यांना दिलेले हिंदूंना नाकारता येईना.

तरीही झडत्या चालू होत्या, आणि १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत भडका उडाला. नऊ मार्चला मदनपुऱ्यात, उत्तरेकडून आलेल्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत, जुलाह्यांच्या एका घरात तपासणीची टोळी गेली. बारा वर्षांची मुलगी आजारी होती. तिला परक्या माणसाने पाहायचे नाही, असे घरच्यांचे म्हणणे. शब्दाला शब्द वाढला, जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि दुपारपर्यंत दंगा शहरभर पसरला. ग्रँट रोडकडचे इस्पितळ जमावाच्या तावडीत सापडले. गोरे सोल्जर मारले गेले, आणि गोळीबारात मेलेले त्याहून जास्त. दुसऱ्या दिवसापासून गोदीतले हमाल आणि गाडीवाले कामावर येईनात. हजारोंच्या संख्येने ते बसून राहिले, आणि त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. पाच वर्षांपूर्वी जे एकमेकांवर दगड फेकत होते ते या वेळी एकाच बाजूला होते. या दंग्याचे आम्ही कौतुक करत नाही. त्यात रोग्यांची सेवा करणारी निरपराध माणसेही जिवाला मुकू शकली असती. पण बंदर बंद पडल्यावर सरकार ऐकू लागते, हेही खरे.

तोवर प्लेग कमिटीवर गॅटेकरांच्या जागी जेम्स कॅम्बेल आले होते. गॅझेटिअरवाले कॅम्बेल, मुंबई इलाख्याच्या जातीजमातींची, सणावारांची बारीकसारीक माहिती ज्यांनी आयुष्यभर गोळा केली ते. आमच्या ग्रंथालयात त्यांचे काही खंड अजून आहेत, पाने पिवळी पडली आहेत, पण वाचनीय. या माणसाला तरी लोक कशावर चिडतात हे माहीत असायला हवे होते. दंग्यानंतर ते धोरणात दिसू लागले. झडत्यांत सोल्जरांऐवजी वस्तीतले प्रतिष्ठित लोक, बायकांसाठी बायका, जमातींच्या दवाखान्यांना अधिक मोकळीक.

आता लशीची गोष्ट, आणि तिच्याबरोबर आपल्या बडोद्याची. वाल्डेमार हाफकिन हे ओडेशाचे ज्यू. जन्मभूमीत धर्मामुळे वाट अडलेली, म्हणून पॅरिसमार्गे हिंदुस्थानात आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाला. लोक मात्र सुईला घाबरत. ही सुई म्हणजे सरकारची नवी युक्ती, धर्म बुडवणारी, वंश बुडवणारी, अशा गप्पा होत्या. सरकारी डॉक्टरांचाही हाफकिनांवर पुरता विश्वास नव्हता.

अशा वेळी आगाखान पुढे आले. सुलतान महंमद शाह, वय अवघे वीस. खोजा जमातीचे इमाम. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर बाही वर करून लस घेतली, एकदा नव्हे, अनेकदा, आणि हाफकिनांना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. दहा हजारांहून जास्त खोज्यांनी टोचून घेतले. एका ज्यू शास्त्रज्ञाची लस, मुसलमान इमामाचा बंगला, आणि मदतीला पारशी व हिंदू डॉक्टर. सर्वधर्मसमभाव हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते. बंगल्यात जागा होती आणि कामाची निकड होती, इतकेच.

लस खरोखर उपयोगी पडते का, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मिळाला तो आपल्या दाराशी. उंडेरे, आज ज्याला आपण उंडेरा म्हणतो आणि जे आता बडोदे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे, गोरव्याच्या पलीकडले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे मरकी होती. हाफकिन आणि बॅनरमन यांनी बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने गावकऱ्यांना घराघराने गोळा केले. प्रत्येक कुटुंबातल्या जवळजवळ निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना तसेच ठेवले. मुद्दाम धडधाकट किंवा आजारी असे वेगळे काढले नाही. तीच घरे, तेच अन्न, तेच उंदीर. एकूण ५१३ माणसांना लस दिली. दीड महिन्याने परत जाऊन पाहिले तेव्हा ज्या २८ घरांत रोग शिरला होता, त्यांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावले.

हे आकडे आम्ही कितीतरी वेळा वाचले. दर वेळी त्या सव्वीस जणांपाशी थांबतो. भावाला टोचले, बहिणीला नाही. सुनेला टोचले, सासऱ्याला नाही. कोण कुठल्या बाजूला उभे राहिले यावर जीव ठरला. त्यांना नेमके काय सांगितले होते, त्यांनी काय समजून हात पुढे केला, हे कुठल्याच कागदावर नाही. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. आणि तरीही नंतर जगभर जी लस लाखोंना टोचली गेली, तिच्या बाजूचा एक मोठा पुरावा या छोट्या गावाच्या नावे आहे. उंडेऱ्यात त्याची पाटी असायला हरकत नाही. मंडळाने ही सूचना महानगरपालिकेकडे करावी असे आम्ही या निमित्ताने सुचवतो.

या पुराव्याने धोरणात एक व्यावहारिक बदल झाला. लस टोचल्याचा दाखला असेल तर माणसाला छावणीत अडकवू नये, प्रवासात रोखू नये, अशी सवलत मिळू लागली. म्हणजे सक्तीच्या जागी आमिष म्हणा, सोय म्हणा. १९०० च्या एप्रिलमध्ये कानपूरलाही छावणीवरून मोठा दंगा झाला, तिथेही हिंदू-मुसलमान दोघे होते. त्यानंतर सरकारने देशभर सक्तीने उचलून नेणे बहुतेक सोडून दिले. कायदा कपाटात गेला. मरकीचा मुकाबला लोकांच्या राजीखुशीने करायचा हे धोरण ठरले.

राजीखुशीने मरकी हटली का? नाही. उलट पुढच्या दहा वर्षांत ती अधिक पसरली. १९०४ ते १९०७ ही सर्वांत वाईट वर्षे. पुढच्या तीसेक वर्षांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून जास्त माणसे नेली. सक्ती चालू ठेवली असती तर वाचली असती का? तेही नाही. १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, की रोग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जातच नाही. म्हणजे रोग्याला घरातून ओढून नेल्याने काही साधत नव्हते. रोगी जाई आणि उंदीर घरातच राहत. याउलट आपले खेड्यातले लोक काय करत? उंदीर पडू लागले की घर सोडून गावाबाहेर झोपड्या घालत. कुणबी, ब्राह्मण, मुसलमान सगळेच माळावर. आमच्यापैकी कितीतरी घरांत 'झोपड्यांत राहायला गेलो' ही आठवण आहे. दोन-तीन महिने शेताच्या कडेला चूल, संध्याकाळी भजन, आणि पलीकडच्या झोपडीतून येणारी अजान. ते शहाणपण शास्त्रज्ञांच्या आधीचे होते, सिमाँचे म्हणणे सरकारी डॉक्टरांना पटायला पुढे आणखी आठ-दहा वर्षे लागली.

हाफकिनांचे पुढे जे झाले तेही सांगायला हवे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनांच्या माथी मारून त्यांना बाजूला केले. चूक गावात बाटली उघडताना झाली होती, प्रयोगशाळेत नव्हे. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण तोवर उमेदीची वर्षे गेली होती. परळची प्रयोगशाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, हे नामकरण झाले १९२५ साली.

आणि टिळक? जुलै १८९७ च्या अखेरीस त्यांना पकडले ते 'केसरी'तल्या लिखाणावरून. आरोप राजद्रोहाचा, पण मागे सावली प्लेगची. जामीन आधी नाकारला गेला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला तो दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. सहकाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला, तरी १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झालीच. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या बॅरिस्टरांत दिनशा दावर होते, तेच दावर ज्यांनी अकरा वर्षांनी न्यायाधीश म्हणून टिळकांना सहा वर्षे मंडालेला पाठवले. इतिहास असा वळसे घेत जातो, आणि जामिनाची ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

जमातींच्या दवाखान्यांविषयी मात्र आमचे मन पुरते समाधानी नाही. त्यांनी लोकांचा विश्वास जिंकला, सरकारला नमवले, हजारोंना आपल्या माणसांत उपचार मिळाले. पण प्रत्येक दवाखान्याच्या दारावर एक नाव होते, आणि ज्याच्याकडे ते नाव नव्हते त्याला आर्थर रोड किंवा गटार. कोकणातून आलेला एकटा गिरणी कामगार, घाटावरचा महार, कामाठीपुऱ्यातला तेलुगू मजूर. त्यांच्यासाठी वर्गणी जमवणारे फार थोडे. सावित्रीबाईंच्या मळ्यातला दवाखाना हीच ती उणीव भरणारा होता आणि तो त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात पुन्हा प्लेगची हूल उठली तेव्हा आमच्यापैकी काही जण स्टेशनवर होते. तोंडाला रुमाल बांधून उतरणारे मजूर, टेट्रासायक्लीनसाठी औषधाच्या दुकानासमोरच्या रांगा, आणि 'सुरतवाल्याला घरात घेऊ नका' ही कुजबुज. त्या रात्री आपल्या एका सभासदाच्या घरी ओळखदेख नसलेले चौघे ओरिसाचे विणकर थांबले होते. घरात मोठी चर्चा झाली, थोडे भांडणही. शेवटी आजींनी पडवीत सतरंज्या घातल्या आणि चहा टाकला.